गोल्डनच्या जागी

कृष्णात वकिलाकडून परतला तेव्हा आक्का टेस्टरूममध्ये होती. टेस्टरूम म्हणजे फौंड्रीच्या कडेची, पूर्वी कोळसा ठेवायची खोली. आता तिथं तराजू, स्पिरिटचा दिवा आणि आम्लाच्या बाटल्या होत्या. बिडाचा कीस आम्लात विरघळवून त्यात सिलिकॉन किती आहे ते काढायचं, आणि भट्टीवाल्यांना कोळसा वाढवा की कमी करा ते सांगायचं, हे आक्काचं काम. बी.एस्सी. झाल्यापासून ती ते करत होती.

“नाव बदलायला लागतंय,” कृष्णात दारातूनच म्हणाला. “भांडायचं तर दिल्लीला खेपा. वकील म्हणतोय, सोडून द्या.”

त्यांच्या इंजिनाचं नाव ‘गोल्डन’. आण्णांनी, म्हणजे त्यांच्या वडिलांनी, ते ठेवलं होतं. इंजिनावर पाण्याची पेटी असते, तिला हॉपर म्हणतात. तिच्या दर्शनी बाजूवर ही सहा इंग्रजी अक्षरं उठून दिसायची. पेठ वडगावपासून मलकापूरपर्यंत विहिरींवर ही इंजिनं ठकठकत होती. आता उत्तरेकडच्या कुठल्याशा कंपनीनं कळवलं होतं की हे नाव त्यांच्या मालकीचं आहे.

“आणि नुसतं एक अक्षर बदलून भागणार न्हाई म्हणतोय,” कृष्णात स्टुलावर बसत म्हणाला. “सुरुवात पण येगळी पायजे आणि शेवट पण. मला वाटलं व्हतं, पुढचा जी तेवढा खरवडला की झालं.”

“मग ओल्डन होतं.”

“म्हंजे काय?”

“जुन्या काळचं.”

“छान. नवं इंजिन, जुन्या काळचं.” तो हसला नाही. गेला महिनाभर त्याला हसायला जमत नव्हतं.

दोघं पॅटर्नच्या खोलीत गेली. गैबीचाचा तिथले मिस्त्री. त्यांनी हॉपरचा अॅल्युमिनियमचा पॅटर्न फळीवरून उतरवला आणि पालथा करून खिडकीच्या उजेडात धरला. ह्याच पॅटर्नचा ठसा वाळूत घ्यायचा आणि त्यात वितळलेल्या बिडाचा रस ओतायचा, की हॉपर तयार. म्हणजे नाव बदलायचं ते इथंच.

“दोन्ही टोकाची अक्षरं मी काढून देतो,” गैबीचाचा म्हणाले. “तितं मागनं जाड हाय, बोल्टासाठी. घासायचं आणि पितळंचं नवं अक्षर स्क्रूनं बसवायचं. पर मधल्या चौघांस्नी हात लावायचा न्हाई. मागं बघा, पापडागत झालंय. कानस फिरवली की आरपार.”

“नवा पॅटर्न केला तर?” आक्कानं विचारलं.

“बाहीर कराय दिला तर पावसाळा उलटंल,” कृष्णात म्हणाला. “तोवर भट्टी बंद आणि माणसं घरात.”

म्हणजे सहा अक्षरांचा शब्द हवा होता. पहिलं अक्षर कुठलंही, पण जी नको. शेवटचं कुठलंही, पण एन नको. मध्ये मात्र ओ, एल, डी, ई ह्याच क्रमानं.

“आक्का, तुझं इंग्लिश चांगलं हाय,” कृष्णात म्हणाला. “तू बघ की.”

तू बघ. ह्या घरात जे कुणालाच करायचं नसायचं त्याच्या शेवटी हे दोन शब्द यायचे. आई गेल्यावर धाकट्यांच्या शाळा तिनं बघितल्या. आण्णांना साखरेचा आजार झाला तेव्हा इंजेक्शन द्यायला तीच शिकली. तिचं लग्न राहून गेलं ते कुणी ठरवून नव्हे; ते बघायचं काम तिचं एकटीचं नव्हतं, म्हणून कुणीच बघितलं नाही. आता ती छत्तीस वर्षांची होती आणि सकाळी उठतानाच तिचे खांदे दुखत.

ह्या वेळी मात्र तिला स्वतःलाही शब्द हवा होता. गडहिंग्लजला नवं कॉलेज निघालं होतं. तिथल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटरची जागा तिला मिळाली होती. जूनमध्ये हजर व्हायचं. आण्णांना तिनं सांगितलं तेव्हा त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. “ह्ये नावाचं एकदा मार्गी लागू दे,” ते म्हणाले होते. “मग जा.” आक्काला ते बरं वाटलं. अट असली की ती पुरी करता येते.

कामाला लागायची तिची एकच पद्धत होती. डिक्शनरी पुढ्यात घेऊन तिनं पहिल्या जागी ए ठेवला आणि शेवटच्या जागी ए पासून झेडपर्यंत एकेक अक्षर लावून पाहिलं. मग पहिल्या जागी बी. बहुतेक जागा मुक्या निघाल्या. एफवर दोन शब्द मिळाले, एचवर एक, मग आय, जे, के आणि एलला काहीच नाही. भाकऱ्या थापताना, नळाला पाणी यायची वाट बघताना ती पुढचं अक्षर लावून बघायची. शेवटी हाताशी धड असे सहा शब्द उरले. बोल्डर, कोल्डर, फोल्डर, होल्डर, पोल्डर, सोल्डर. सगळ्यांच्या शेवटी आर येत होता, म्हणजे मागचं अक्षर आपोआप ठरलं. प्रश्न पुढच्याचा होता.

आण्णा फौंड्रीत येईनासे झाले होते. नोटीस आल्यापासून ते घरामागच्या फरशीवर बाज टाकून बसत. पूर्वी भट्टी लागली की पहिला रस त्यांच्यासमोर उतरायचा. आता कृष्णात एकटाच उभा राहायचा. मात्र आण्णांनी मान हलवल्याशिवाय पॅटर्नला कानस लावायची त्याची छाती नव्हती.

“होल्डर,” आक्का पहिल्या दिवशी म्हणाली. “धरून ठेवणारा.”

“बलबाचं होल्डर?”

“ते पण.”

“मग इंजिनाला बलब लावून इकायचं का? न्हाई जमायचं.”

दुसऱ्या दिवशी तिनं फोल्डर काढला. आण्णांनी विचारलं, घडीची छत्री असते तसं काही आहे का. तिनं सांगितलं, कागद ठेवायचं पुठ्ठ्याचं असतं. “म्हंजे कारकुनाचं,” आण्णा म्हणाले आणि कूस बदलली.

सोल्डरवर ते जरा रंगात आले. “सोल्डर म्हंजे गळक्या भांड्याला डाग द्यायचा, त्येच न्हवं? आगं, बिडाच्या इंजिनावर डाग म्हणून लिवायचं? गिऱ्हाईक काय म्हणंल? आधीच गळतंय, म्हणून डाग दिऊन इकाय लागल्यात.”

बाजूला उभ्या कृष्णातला हसू आलं. आक्कालाही आलं. आण्णा असं बोलू लागले की घर पूर्वीसारखं वाटायचं.

कोल्डर तिनं नुसता नाव घेण्यापुरता सांगितला. जास्त थंड, असा अर्थ.

“थंड इंजिन!” आण्णा बाजेवर उठून बसले. “पौषातल्या पहाटं हँडल मारून मारून मानसाचा खांदा निखळायचा आणि वर वाचायचं काय, तर थंड. कुनी सुचीवलं ह्ये? कॉलेजात ह्येच शिकीवलं का तुला?”

“शब्द तेवढेच आहेत, आण्णा.”

“तेवढंच कसं? इंग्रज दीडशे वर्सं हितं व्हता.”

पोल्डर तिनं मागं ठेवला होता, कारण तो तिला स्वतःला आवडला होता. समुद्राला बांध घालून, आतलं पाणी उपसून काढून केलेली शेतजमीन. हॉलंडात असते. तिथं पंप थांबले तर जमीन पुन्हा पाण्याखाली जाते. इंजिनाला ह्याहून चांगलं नाव कुठलं असणार? तिनं ते नीट, सावकाश समजावून सांगितलं. आण्णांनी सगळं ऐकून घेतलं.

“चांगलं हाय,” ते म्हणाले. “पर कोल्लापुरात समुद्र कुटला?”

आक्का आत गेली आणि तिनं सिरिंज उकळायला ठेवली.

रोज सकाळी ती आण्णांची लघवी तपासायची. परीक्षानळीत निळं द्रावण घ्यायचं, त्यात आठ थेंब टाकायचे आणि दिव्यावर तापवायचं. निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर वाढत चालली. त्यावर सुई किती भरायची ते ठरे. हे सगळं तिनं कृष्णातच्या बायकोला, पारूला, शिकवलं होतं. पारूचा हात स्थिर होता. पहिल्यांदा तिनं सुई टोचली तेव्हा आण्णा ओरडले, पण ते आक्कानं टोचली तरी ओरडत.

बोल्डरचा विषय निघाला तो जेवताना. आण्णा आधी म्हणाले, रस्त्याच्या कडेला बोल्डर पडलेले असतात, धोंडे. आक्का म्हणाली, तो वेगळा. हा म्हणजे जास्त धीट. आण्णांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

“धीट,” ते म्हणाले. “धीट इंजिन. वाईट न्हाई.” मग पुन्हा, “आगदीच वाईट न्हाई. गैबीला काय वाटतंय बघाय पायजे.”

“चाचाला काय वाटायचंय?” कृष्णात घाईघाईनं म्हणाला. “बी अक्षर घालाय सोपं. उद्याच बसवूया. आठवड्यात माल बाहीर. आक्का बी मोकळी झाली गडहिंग्लजला जायाला.”

आण्णांचा हात ताटातच थांबला. आक्का समोरच वाढायला बसली होती, म्हणून तिला तो दिसला. बुडवलेला तुकडा भिजून तुटला आणि आमटीत पडला.

“नगं,” आण्णा म्हणाले. “धोंडाच म्हनत्याल लोक.”

कृष्णातनं कपाळाला हात लावला. तो उठून गेल्यावर आण्णांनी ताट सरकवलं आणि ते बाजेवर जाऊन पडले.

आक्का भांडी घासताना ह्या गोष्टीचा विचार करत राहिली. एका निरीक्षणावरून काही ठरवू नये, हे तिला माहीत होतं. माणूस शब्द नाकारतो तेव्हा तो शब्दच नाकारत असेल, असं धरून ती इतके दिवस चालली होती. पण नाकारण्याचं कारण दुसरं असलं तर मग शब्द शोधून काय उपयोग? झेडपर्यंत गेलं तरी तेच. हे तपासून बघता येण्यासारखं होतं. बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि एकच गोष्ट बदलायची.

दोन-तीन दिवसांनी, रोजच्याच वेळी, तिनं बिनसाखरेचा चहा नेला. आण्णा रोजच्यासारखे बाजेवर होते. पलीकडे पारू वाळवण गोळा करत होती.

“आण्णा, गडहिंग्लजचं राहू दे म्हणतो मी,” आक्का म्हणाली. कोल्हापूरच्या बायका बोलतात तशी ती घरात बोलायची. “पुढच्या वर्षी बघू.”

आण्णांनी बशीत चहा ओतला, फुंकला, प्यायला. “का गं?”

“दमलोय. आता नव्या जागी जाऊन कुठं सगळं परत मांडायचं?”

हे वाक्य तिनं आधी ठरवलं नव्हतं. ते खरं होतं, आणि त्यामुळं तिला स्वतःच्याच आवाजाचा राग आला.

“व्हय. तसं लांबच हाय त्ये,” आण्णा म्हणाले.

आक्कानं विचारलं, “मग नावाचं काय करायचं? ते कोल्डर तेवढं बघा की पुन्हा.”

“म्हंजे काय म्हणालीस त्येचा अर्थ?”

“जास्त थंड.”

“बरं हाय की,” आण्णा म्हणाले. “गिऱ्हाईकाची तक्रार काय आसती? इंजिन लई तापतंय. आपलं तापत न्हाई. नावातच सांगून टाकायचं. सांग कृष्णाला, घाल म्हणावं.” आणि रिकामी बशी तिच्याकडे देत म्हणाले, “बघ, उगीच इतकं दीस घालीवलं.”

आक्का कप घेऊन आत आली. प्रयोग जमला की तिला एरवी बरं वाटायचं. आत्ता ती मोरीच्या कठड्यावर बसून राहिली. आण्णांना एवढं सोपं वाक्य बोलता आलं असतं: जाऊ नकोस. ते त्यांनी म्हटलं नाही, कारण मग तिला तोंडावर उत्तर द्यावं लागलं असतं, आणि त्यांनाही ते ऐकावं लागलं असतं. त्याऐवजी त्यांनी तिला डिक्शनरी चाळायला लावली.

दुसऱ्या दिवशी कृष्णात आण्णांना मोटारसायकलवर मागं बसवून फौंड्रीत घेऊन आला. आण्णांनी धुतलेली टोपी घातली होती. वाळूचे साचे करणाऱ्या मोल्डर लोकांनी हातातली कामं टाकून नमस्कार केले. गैबीचाचांनी पॅटर्न व्हाइसच्या लोखंडी जबड्यात चामड्याचे तुकडे घालून हलका आवळला होता. पितळेचे सी आणि आर बाकावर तयार होते.

आक्का टेस्टरूममधून येऊन पॅटर्नच्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. गप्प राहणं सोपं होतं. आज अक्षरं बदलली असती, आठवड्याभरात माल गेला असता, आणि जूनमध्ये तिनं ट्रंक उचलली असती. कृष्णातला विचारलं असतं तर त्यानं हाच सल्ला दिला असता. पण काल तिनं मुद्दाम एक खोटं रीडिंग घातलं होतं, आणि हे सगळे लोक त्यावर पुढचं गणित मांडायला बसले होते. तिनं हात पुसले आणि पुढं झाली.

“चाचा, जरा थांबा.”

गैबीचाचांनी कानस वर उचलली.

“आण्णा, मी काल म्हणालो ते खरं नव्हतं. मी गडहिंग्लजला जाणार आहे.”

गैबीचाचांनी कानस बाकावर ठेवली. बाहेर वाळू चाळायची चाळण मात्र चालू राहिली.

“आक्का!” कृष्णात दबक्या आवाजात म्हणाला. “आठ दीस दम धरवत नव्हता काय तुला?”

“नव्हता.”

आण्णा पॅटर्नकडे बघत होते. “कवा जाणार?”

“जून लागला की.”

“आणि ह्ये काय म्हणालीस, कोल्डर? थंड न्हवं?” ते टोपी नीट करत म्हणाले. “न्हाई चालायचं. थंड इंजिन कोन घेतंय?”

आक्काला ह्या वेळी राग आला नाही. तिनं बाकाचा आधार घेतला. “आण्णा, पहिल्या अक्षराला सगळी एबीसीडी लावून झाली,” ती म्हणाली. “शेवटच्याला पण लावून झाली. तुम्ही ज्याला हो म्हणाल असा शब्द इंग्रजीत नाही. बघितलं मी.”

आण्णांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत प्रथमच ते तिच्याकडे सरळ बघत होते. त्यांचे डोळे पाणावल्यासारखे दिसत होते, पण ते साखरेमुळंही असत.

“माझं शोधून झालंय,” आक्का म्हणाली. “ह्यातलं कुठलं घालायचं ते कृष्णाला ठरवू द्या. आणि मला जाऊ द्यायचं नसेल तर तसं म्हणा. नावाच्या आड नको.”

“आगं, मी कवा म्हनलो...” आण्णांनी सुरुवात केली आणि सोडून दिली. त्यांनी अॅल्युमिनियमच्या जी अक्षरावर अंगठा फिरवला. मग त्यांनी गैबीचाचांपुढं हात केला. “आण हिकडं.”

“साहेब, मी करतो की. तुमचा हात...”

“आण म्हनतो न्हवं.”

चाचांनी कानस त्यांच्या हातात दिली. आण्णांनी धोतराचा सोगा खोचला, पाय रोवले आणि जीच्या पाठीवर पहिला हात ओढला. कानस घसरली. दुसरा हात नीट बसला. पांढरा कीस बाकावर सांडू लागला.

“पर आण्णा, नाव कुटलं?” कृष्णातनं विचारलं.

“आधी ह्ये जाऊ दे. मग घाल तुला पायजे त्ये. ते समुद्राचं घाल न्हाई तर. हिला आवडलंय.” मग आक्काकडे न बघता ते म्हणाले, “हलाय लागलंय ह्ये. बघत काय हुबी ऱ्हायलीस? धर की.”

आक्का पलीकडच्या बाजूला गेली आणि तिनं दोन्ही हातांनी पॅटर्न दाबून धरला. व्हाइस जास्त आवळता येत नव्हता. पातळ भाग दबला असता. आण्णा दमत होते. चार हात ओढले की थांबायचे. कृष्णात आणि चाचा बाजूला उभे राहिले. मध्ये पडायचं कुणाला सुचलं नाही.

“ती निळी बाटली?” आण्णांनी थांबून विचारलं.

“पारूला येतं सगळं.”

“तिला रंग कळत न्हाईत. हिरव्याला पिवळं म्हनती.”

“कळतात. मी तपासलंय.”

आण्णांनी पुन्हा कानस चालवली. जीचा वरचा बाक सपाट झाला होता. “तिकडं पाणी कसं हाय?”

“बरं आहे म्हणतात.”

“म्हनत्यात,” आण्णा म्हणाले. “खोली बघितलीस?”

“बघायचीय अजून.”

आण्णांनी कीस फुंकून उडवला आणि बोटानं जागा चाचपली. “खालची बघ,” ते म्हणाले. “वरल्या मजल्यावर घिऊ नगंस. नळाचं पाणी चढत न्हाई तितवर, मग तूच घागरी वडत बसशील.”

“बघतो,” आक्का म्हणाली, आणि पॅटर्न पुन्हा हलला तसा तिनं तो घट्ट धरला.